ढाका, १८ डिसेंबर १९७१: संगीन, जमाव आणि दोन कॅमेरे

प्रकरण का निवडले

युद्धछायाचित्रणाचे मनावर काय ओझे पडते हा विषय निघाला की आत्महत्या केलेल्या, व्यसनात बुडालेल्या किंवा रणभूमीवर मारल्या गेलेल्या छायाचित्रकारांच्या कहाण्या हटकून सांगितल्या जातात. त्या कहाण्या खऱ्या आहेत, पण त्यांत एक सोय असते: शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे मधल्या प्रत्येक प्रसंगाचा अर्थ त्या शेवटाकडे पाहून लावता येतो. येथे घेतलेल्या प्रकरणात ती सोय नाही. ज्या दोन छायाचित्रकारांचे हे प्रकरण आहे ते त्यानंतरही काम करत राहिले आणि याच चित्रांसाठी त्यांना पुलित्झर हा पत्रकारितेतील अत्यंत मानाचा समजला जाणारा पुरस्कार मिळाला; तरीही त्या एका दुपारी, बंदिवानांना जमावासमोर ठार केले जात असताना, त्यांनी थांबून चित्रे घेतली ते योग्य होते का, याचा निकाल पन्नास वर्षे उलटूनही लागलेला नाही.

या दोघांची, होर्स्ट फास आणि मिशेल लॉराँ यांची, नावे पुरस्काराच्या जाहीर नोंदीत असल्यामुळे दिली आहेत. मैदान सोडून गेलेले त्यांचे सहकारी, सभा घेणारा गनिमी सेनानी आणि इतर उपस्थित यांची नावे जाणूनबुजून वगळली आहेत.

पार्श्वभूमी

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या (आजच्या बांगलादेशाच्या) राजधानीत, कत्तल सुरू केली, तेव्हा शहरातील परदेशी पत्रकारांना इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेलात कोंडण्यात आले आणि नंतर विमानात बसवून देशाबाहेर घालवण्यात आले. दोघे जण मात्र हॉटेलातच लपून राहिले: लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’चे वार्ताहर सायमन ड्रिंग आणि असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा फ्रेंच छायाचित्रकार मिशेल लॉराँ. २७ तारखेला संचारबंदी शिथिल होताच ते बाहेर पडले आणि विद्यापीठाच्या वसतिगृहांत पडलेली विद्यार्थ्यांची प्रेते, जुन्या ढाक्यातील जळून गेलेल्या वस्त्या त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. लॉराँ त्या वेळी पंचविशीच्या आसपासचा होता. पुढे डिसेंबरात त्याच शहरात, उलट्या दिशेने होणारी हिंसा टिपताना तो नवखा नव्हता, आणि मार्चमध्ये कोण मेले हे त्याला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

मधले नऊ महिने पूर्व बंगालात मोकळेपणाने फिरणारे कॅमेरे फारच थोडे होते. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले आणि त्यांच्या छावण्यांची चित्रे जगाने पाहिली. पण ज्या गावांतून ते पळाले त्या गावांत प्रत्यक्ष काय घडले याची चित्रे त्या मानाने नगण्य आहेत. हा असमतोल ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

१६ डिसेंबरला रमणा रेसकोर्स मैदानावर पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल नियाझी यांनी भारताचे लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्यासमोर शरणागतीच्या कागदावर सही केली आणि सुमारे ९३ हजार जण युद्धबंदी झाले. लॉराँ पुन्हा ढाक्यात होता. त्याच्याबरोबर त्याच वृत्तसंस्थेचे होर्स्ट फास होते. बर्लिनमध्ये जन्मलेले फास तेव्हा अडतीस वर्षांचे होते. काँगो आणि अल्जीरिया पाहून ते १९६२ पासून दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीत, सायगावला होते, व्हिएतनाममधील चित्रांसाठी त्यांना १९६५ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले होते आणि १९६७ मध्ये रॉकेटच्या स्फोटात त्यांचे पाय गंभीर जखमी झाले होते. सायगावच्या कार्यालयात इतरांच्या फिल्म तपासून कोणते चित्र पाठवायचे हे ठरवण्याचे कामही त्यांच्याकडे असे. फेब्रुवारी १९६८ मध्ये एडी ॲडम्स यांनी टिपलेले, भर रस्त्यात बंदिवानाच्या डोक्यात गोळी घालणाऱ्या पोलीस प्रमुखाचे चित्र रोलमधून पहिल्यांदा फास यांनीच वेचले होते. हत्या टिपली की पुढे त्या चित्राचे काय होते, हे त्यांच्याइतके जवळून पाहिलेली माणसे त्या काळी मोजकीच असतील.

शहराची मनःस्थितीही समजून घ्यायला हवी. त्याच दिवसांत रायेरबाजारच्या वीटभट्ट्यांजवळच्या चिखलात डॉक्टर, प्राध्यापक, पत्रकार यांची प्रेते सापडत होती, हात मागे बांधलेली आणि डोळ्यांवर पट्ट्या असलेली. शरणागतीच्या तोंडावर, पाकिस्तानी लष्कराला साथ देणाऱ्या अल् बद्रच्या टोळ्यांनी यादी करून, घराघरांतून उचलून नेलेली ही माणसे होती. अशा आठवड्यात एखाद्याकडे बोट दाखवून ‘रझाकार’, म्हणजे पाकिस्तानी लष्कराचा स्थानिक साथीदार, म्हटले की त्याला काय म्हणायचे आहे हे ऐकून घेण्याइतका धीर कोणाजवळ उरला नव्हता.

घटना

१८ डिसेंबरला ढाक्यातील एका मोकळ्या मैदानावर विजयाची सभा झाली. सभा घेणारा गनिमी सेनानी मुक्तिसंग्रामात नाव कमावलेला होता आणि हजारो लोक जमले होते. भाषणे झाल्यावर हात बांधलेले काही तरुण लोकांसमोर आणण्यात आले. ते नेमके कोण होते याबद्दल तेव्हाच दोन सूर होते: वृत्तसंस्थेच्या फोटोओळींनुसार ते पाकिस्तानी लष्कराचे हस्तक होते, तर दुसऱ्या बाजूने त्यांच्यावर लुटालूट केल्याचा आणि बायका पळवल्याचा आरोप सांगितला गेला. आरोप कोणताही असो, खटला झाला नाही. त्यांना मारहाण झाली, सिगारेटचे चटके दिले गेले आणि शेवटी संगिनींनी भोसकून ठार करण्यात आले. हे सारे झटक्यात उरकले नाही. बराच वेळ चालले.

परदेशी छायाचित्रकार आणि चित्रवाणीचे पत्रकार तिथे हजर होते.

अडचण

रणांगणावर छायाचित्रकाराला पडणारा नेहमीचा प्रश्न असतो की मदत करावी की चित्र घ्यावे. या मैदानावर पडलेला प्रश्न त्याहून वाईट होता. छळ ज्या सावकाशीने आणि ज्या उघडपणे चालला होता त्यावरून उपस्थितांपैकी काहींना शंका आली की हे आपल्यासाठीच चालले आहे. कॅमेरे नसते तर हे लोक जिवंत राहिले असते का? तसे असेल तर छायाचित्रकार साक्षीदार उरत नाही. त्याचे तिथे असणे हेच त्या हत्येचे एक कारण ठरते.

या शंकेची अडचण अशी की ती जागेवर तपासता येत नाही. एका कॅमेऱ्याने माघार घेतली तरी इतर असतात. सगळ्यांनी घेतली तरी हजारोंचा जमाव असतोच, आणि त्या आठवड्यातील ढाक्याला कोणाचा सूड घेण्यासाठी परदेशी प्रेक्षक लागत होता असे समजायला फारसा आधार नाही. उलट, संगीन हातात असलेल्या माणसाला आपण पाहिले जात आहोत याची जाणीव नव्हती असेही म्हणता येत नाही. माझे मत विचाराल तर हत्या बहुधा झालीच असती, पण तिची लांबी आणि तिचा थाट यांत कॅमेऱ्याचा वाटा होता की नव्हता हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही, आणि या धंद्यातील माणसाला आयुष्यभर टोचत राहते ते नेमके हेच.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय हस्तक्षेपाचा होता. हत्यारबंद गनीम आणि खवळलेला जमाव यांच्यापुढे दोन-चार परदेशी माणसे काय करू शकली असती हे सांगायला नको. मात्र ‘काहीच करता आले नसते’ हे वाक्य छायाचित्रकारांच्या आठवणींत इतक्या सहज येते की ते दर वेळी जसेच्या तसे मान्य करू नये. शहरात भारतीय सैन्य होते. कोणाला तरी धाडून निरोप देण्याचा प्रयत्न करता आला असता. तो वेळेत पोहोचला असता का, हा वेगळा मुद्दा.

दुसरा पर्याय निघून जाण्याचा. उपस्थित पत्रकारांपैकी काहींनी तो घेतला. ही हत्या कॅमेऱ्यासाठी मांडलेला खेळ आहे आणि आपण त्याला प्रेक्षक पुरवणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

तिसरा पर्याय थांबून चित्रे घ्यायची पण ती पाठवायची नाहीत, हा. वर्गात हे प्रकरण चर्चेला घेतले की कोणी ना कोणी विद्यार्थी हा मधला मार्ग सुचवतोच. तो ऐकायला बरा वाटतो, पण मारणाऱ्याच्या दृष्टीने शटर दाबले गेलेच, आणि जगाच्या दृष्टीने पुरावा मात्र हाती आला नाही, म्हणजे दोन्हीकडून तोटाच.

चौथा पर्याय थांबायचे, टिपायचे आणि पाठवायचे.

प्रत्यक्षात काय केले

फास आणि लॉराँ थांबले. शेवटपर्यंत थांबले.

त्या दुपारबद्दल एक लहान तपशील नोंदला गेला आहे आणि मला तो सगळ्या तात्त्विक चर्चेपेक्षा जास्त सांगणारा वाटतो: फास यांचे हात इतके थरथरत होते की त्यांना फिल्म बदलता येईना. आजच्या वाचकाला यातली गोम कळण्यासाठी थोडे थांबायला हवे. त्या काळी पस्तीस मिलिमीटरच्या रोलवर छत्तीस चित्रे निघत. रोल संपला की कॅमेरा डोळ्यापासून खाली घ्यावा लागे, फिल्म उलटी गुंडाळावी लागे, कॅमेऱ्याची पाठ उघडावी लागे, नव्या रोलची जीभ खाचेत अडकवून दोन वेळा फिल्म पुढे ओढून शटर दाबावे लागे. सरावलेल्या हातांना हे काम न पाहता जमते. फास यांनी ते गोळीबारात, पावसात, हेलिकॉप्टरच्या दारात बसून केले असणार. कॅमेरा डोळ्याला असेपर्यंत छायाचित्रकारापुढे प्रकाश, अंतर, चौकट असे सुटण्यासारखे प्रश्न असतात आणि त्या प्रश्नांच्या आडोशाला तो उभा राहू शकतो. रोल बदलताना तो आडोसा नसतो आणि समोर फक्त माणूस मरत असतो. व्हिएतनामची नऊ वर्षे पाहिलेल्या माणसाचे हात त्या क्षणी चालेनासे झाले.

यावरून मला हे प्रकरण नेहमीपेक्षा वेगळ्या तऱ्हेने मांडावेसे वाटते. थांबावे की जावे हा निर्णय मैदानावर एकदाच घेतला गेला, असे आपण समजतो. छत्तीस चित्रांच्या रोलने तो निर्णय अनेकदा घ्यायला लावला असणार, कारण रोल संपण्याचा प्रत्येक क्षण हा थांबण्याची किंवा निघण्याची नवी संधी होता. हातांनी एकदा उत्तर दिलेही होते. मन मात्र कामाच्या सवयीने पुढे गेले.

परिणाम

चित्रे बाहेर गेली आणि जगभर छापली गेली. १९७२ मध्ये ‘डेथ इन डाका’ या शीर्षकाच्या या चित्रमालिकेला तात्कालिक वृत्तछायाचित्रणाचे पुलित्झर मिळाले आणि छायाचित्रणासाठी ते दोनदा मिळवणारे फास हे पहिलेच ठरले.

चित्रांच्या बाजूने नंतर असा युक्तिवाद केला गेला की ती छापली गेल्यामुळेच ढाक्याची सुरक्षा गनिमांच्या हाती सोडण्यातला धोका भारत सरकारच्या लक्षात आला आणि पुढचे रक्तपात टळायला मदत झाली. युक्तिवादात तथ्य असू शकेल. नव्या राष्ट्राच्या जन्माच्या उत्सवात, जिंकलेल्यांच्या बाजूने झालेला गुन्हा दाखवायला कोणी तयार होते, ही गोष्टही लहान नाही, आणि मार्चमध्ये त्याच बाजूची प्रेते पाहिलेल्या लॉराँने ते करावे याला माझ्या लेखी विशेष वजन आहे.

पण पार्श्वभूमीत सांगितलेला असमतोल येथे उभा राहतो. नऊ महिन्यांच्या संहाराला कॅमेरे नव्हते, कारण मारणाऱ्यांनी ते आधीच हाकलून दिले होते. या एका दुपारला ते होते, कारण मारणाऱ्यांनी त्यांना जवळ येऊ दिले. परिणामी १९७१ च्या बांगलादेशातील हिंसेचे एक अतिशय गाजलेले, पारितोषिक मिळालेले चित्र हे बंगाली माणूस दुसऱ्याला मारत असतानाचे आहे. चित्रात असत्य काही नाही, तरीही ज्या समाजाने इतके सोसले त्याला हा न्याय वाटत नसेल तर त्यात नवल नाही. कॅमेऱ्याला दिसते ते त्याला जिथे उभे राहू दिले जाते तिथूनच, आणि छायाचित्रकाराच्या मनावरील ओझ्याचा हाही एक भाग आहे.

फोटोओळीचा प्रश्नही याच युद्धातून जिवंत राहिला आहे. किशोर पारेख यांनी त्याच डिसेंबरात टिपलेल्या एका चित्रात भारतीय जवान एका माणसाच्या लुंगीत हत्यार लपवले आहे का हे तपासताना दिसतो; तेच चित्र पुढे कित्येक वर्षे ‘पाकिस्तानी सैनिक धर्म तपासत आहे’ असे म्हणून फिरत राहिले आणि अजूनही फिरते. सभेतील तरुण हस्तक होते की लुटारू, हेही चित्रांकडे कितीही वेळ टक लावून पाहिले तरी कळत नाही. ते फोटोओळच सांगणार, आणि ती लिहिताना खात्री करून घ्यायला कोणालाही सवड नव्हती.

दोघा छायाचित्रकारांचे पुढे काय झाले हेही सांगायला हवे. लॉराँ फ्रान्सच्या गामा या छायाचित्रसंस्थेसाठी काम करत व्हिएतनामला परतला आणि २८ एप्रिल १९७५ रोजी, सायगाव पडण्याच्या दोन दिवस आधी, जखमी झालेल्या सहकाऱ्याला मदत करताना मारला गेला. ढाक्यात तो हलला नाही आणि येथे हलला, असा अर्थ काढण्याचा मोह होतो, तो आवरावा. दोन प्रसंगांत धोका वेगळा होता, जखमी माणूस ओळखीचा होता. फास यांनी पुढची अनेक वर्षे लंडनमध्ये चित्रसंपादक म्हणून काढली, इंडोचीनच्या युद्धांत दोन्ही बाजूंनी मारल्या गेलेल्या किंवा बेपत्ता झालेल्या १३५ छायाचित्रकारांच्या चित्रांचा संग्रह त्यांनी एका सहकाऱ्यासह सिद्ध केला आणि २०१२ मध्ये ते वारले.

निघून गेलेल्यांबद्दल फारसे कोणी विचारत नाही. त्यांचे हात स्वच्छ राहिले असे आपण गृहीत धरतो. पण त्यांनाही उत्तर मिळाले नाही, कारण दोघे थांबल्यामुळे ‘सगळे कॅमेरे गेले असते तर’ हा प्रयोग पुरा झालाच नाही. आणि ते गेल्यानंतरही माणसे मेलीच. थांबलेल्यांना ‘आपण नसतो तर’ हा प्रश्न, गेलेल्यांना ‘आपण असतो तर’ हा.

१९७१ मध्ये अशा अवस्थेला वैद्यकात रुळलेले नावही नव्हते; आघातोत्तर तणावविकार हे निदान अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात १९८० साली आले. टोरांटोचे मनोविकारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४० युद्धपत्रकारांपैकी २८.६ टक्के जणांना आयुष्यात कधी ना कधी हा विकार झाल्याचे आणि २१.४ टक्के जणांना तीव्र नैराश्य आल्याचे आढळले. युद्धावर न जाणाऱ्या पत्रकारांपेक्षा त्यांचा त्रास बराच जास्त होता, उपचार घेण्याचे प्रमाण मात्र जास्त नव्हते. हे आकडे भीतीच्या आघाताचे आहेत. ढाक्यासारख्या प्रसंगातून उरणारी जखम नैतिक असते: आपल्यावर काय गुदरले यापेक्षा आपण काय केले किंवा होऊ दिले, हे तिच्या मुळाशी असते, आणि तिच्यासाठी ‘तुमचा यात दोष नव्हता’ एवढे सांत्वन पुरत नाही, कारण नेमके तेच त्या माणसाला पटलेले नसते.

वेगळे काय करता आले असते

दोघा व्यक्तींना दोष देण्यात मला रस नाही. मैदानावर उभ्या असलेल्या माणसाकडून, हात थरथरत असताना, तत्त्वाचा निवाडा मागणे हेच मुळात चुकीचे आहे. तो निवाडा आधी, शांत खोलीत, वृत्तसंस्थेने करायचा असतो. बंदिवानांवरील हिंसा कॅमेऱ्यासमोर मांडली जात असल्याची शंका आली तर काय करायचे, याचा ढोबळ नियम ठरलेला असता तर उपस्थितांना निदान एकमेकांशी बोलण्यासाठी समान भाषा मिळाली असती. सर्वांनी मिळून कॅमेरे खाली करावेत, काही मिनिटे थांबून पाहावे, आणि तरीही हिंसा चालूच राहिली तर मग टिपावे, असा नियम शक्य आहे. तो प्रत्येक वेळी पाळता येईल असे नाही. प्रतिस्पर्धी संस्थांची माणसे शेजारी उभी असताना तर त्याहून कठीण. पण त्याने शंकेची जागेवरच थोडीफार परीक्षा झाली असती, आणि पुढे आयुष्यभर पुरणारे ते ओझे काही अंशी तरी सामाईक झाले असते.

दुसरा निर्णयबिंदू संपादकाच्या मेजावर होता. मालिकेतील कोणती चित्रे पाठवायची, किती, आणि त्यांच्यासोबत रायेरबाजारची चित्रे जायला हवीत की नकोत, हे छायाचित्रकाराने एकट्याने ठरवायचे नसते. फास स्वतः संपादकही असल्यामुळे ही सीमारेषा या प्रकरणात पुसट झाली. टिपणाऱ्याने निवडू नये, असा दंडक किमान अशा प्रसंगांपुरता असावा असे मला वाटते, जरी छोट्या कार्यालयात तो पाळणे अवघड आहे हे मान्य करूनही.

तिसरी गोष्ट साधी आहे. मला पाहायला मिळालेल्या या मालिकेच्या फोटोओळींत दिनांक आहे, शहर आहे, दोन्ही छायाचित्रकारांची नावे आहेत. मेलेल्यांपैकी कोणाचेही नाव नाही. दुसऱ्या दिवशी कोणी त्या मैदानावर परत जाऊन, प्रेते कोणी नेली, घरचे कोण आले, हे विचारले असते तर ते रझाकार होते की लुटारू की चुकून सापडलेले, याचा काही तरी धागा लागला असता. त्या आठवड्यात बातम्या खूप होत्या आणि दोघांनाही पुढे जायचे होते.